लाल मोजा

“चाळिशी उलटली, आता कसलं नोटेशन शिकतेस? तू आपली ऐकूनच गा,” चर्चमध्ये गाणी बसवणारे जोकिम मास्तर सगळ्यांदेखत हसले, तशी फिलोमिनाच्या मस्तकात तिडीक गेली.

घरी येऊन तिनं अंगणातल्या दोन माडांना एकावर एक पाच दोऱ्या बांधल्या, नोटेशनच्या पाच रेघांसारख्या. पियानो शिकणारी लेक रोज त्यांवर मोजे लटकवायची. मोजा जितका वर, तितका सूर चढा. आईनं ते वाचून गायचं. चुकली तर भांडी तिच्याकडे, जमलं तर लेकीकडे. आधी आई घासून घासून वैतागली, मग लेक कुरकुरायला लागली.

आज फिलोमिना स्वतःच मोजे लटकवत होती, तेव्हा मास्तर कुंपणाशी थबकले. दोऱ्यांवरचे मोजे वाचत गुणगुणू लागले आणि मध्येच अडखळले.

“अगं, तो लाल मोजा चुकलाय. आपल्या नाताळच्या गाण्यात तिथं सूर खाली येतो.”

फिलोमिनानं हातातले चिमटे ओच्यात टाकले नि कमरेवर हात ठेवले. “तुमच्या गाण्यात येत असेल, मास्तर. ही चाल माझी आहे. पुन्हा पहिल्यापासून म्हणा, आणि माझा लाल मोजा खाली ओढू नका.”