गोचिडांची मोजणी

तीन वर्षं गोचीडवाले डॉक्टर दर महिन्याला गावात येऊन तिथल्या चाळीस गायींच्या अंगावरचे गोचीड मोजत होते. कानात, कासेभोवती, शेपटीखाली. वीस गायींना त्यांनी गोचिडांवरची नवी लस टोचली होती, उरलेल्या विसांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते मालकांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या संशोधन संस्थेच्या गोठ्यात याच लसीने गोचीड पटापट गळून पडायचे. इथे मात्र दोन्हीकडे आकडा सारखाच, जेमतेम दोन-चार. लसीत आणि पाण्यात काडीचा फरक दिसेना, तेव्हा संस्थेने काम बंद करायला सांगितलं.

शेवटची मोजणी उरकून डॉक्टर कंबर धरत मावशींच्या गोठ्याच्या पायरीवर बसले.

"मावशी, आता सांगायला हरकत नाही. तुमच्या गायीला मी पाणीच टोचलं होतं. मग तिच्या अंगावर गोचीड कसे नाहीत हो?"

मावशींनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला.


"तुम्ही यायच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्याच जणी हाताने वेचून काढतो ना. एवढ्या लांबून येता, त्यात वाकून वाकून मोजायचं. तेवढाच तुमचा त्रास कमी."