हॅमरवाल्यांचे कान

कानतपासणीच्या गाडीतून गणराज हसत उतरला आणि रांगेत शेवटी उभ्या असलेल्या समाधानजवळ आला.

"काय नसतंय रं," गणराज नेहमीसारखा ओरडूनच म्हणाला. "बारीक शिट्टी वाजती, बोट वर करायचं. मला तर सगळ्या ऐकू आल्या."

महाळुंग्याच्या त्या कारखान्यात दोघं अकरा वर्षं एकाच हॅमरवर होते. लालभडक लोखंडावर हॅमर पडला की बरगड्या हलायच्या. हॅमरवाल्याला कान फक्त चष्मा अडकवायला लागतात, अशी चेष्टा चालायची. तरी गणराजचे कान शाबूत राहिले आणि आपलेच गेले, याची समाधानला लाज वाटे. घरी सायली "बाबा, बाबा" करून थकायची आणि मग येऊन बाही ओढायची. बायकोला, नीलाला, तो सांगायचा, कामाच्या विचारात होतो.

आज दोष निघाला तर कंत्राट संपणार, असं सगळे धरून चालले होते. विचारायला जाऊन संशय कोण ओढवून घेणार?

गाडीतल्या काचेच्या खोलीत त्याला बसवलं. योगिनी नावाच्या तरुण नर्सचा हा कामावरचा पहिलाच दिवस होता. "आवाज आला की बोट वर करा, दादा," असं खुणेसकट सांगून तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि काचेपलीकडे नव्याकोऱ्या मशीनपाशी जाऊन बसली.

कानात काहीच आलं नाही. समाधाननं काचेतून तिच्या अंगठ्यावर नजर रोखली. अंगठा बटणावर दबला, त्यानं बोट वर केलं. पुन्हा दबला, पुन्हा बोट. चोरी केल्यासारखं वाटत होतं, पण एकही शिट्टी चुकली नाही.

योगिनीनं मान डोलावून कागदावर शिक्का मारला.

"आल्या का ऐकू?" बाहेर गणराजनं विचारलं.

"सगळ्या," समाधान दुसरीकडे बघत म्हणाला. या माणसाशी आपण आजवर खोटं बोललो नव्हतो, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गाडीत योगिनीनं चाळीस कागद एकत्र लावले. एवढ्या दणदणाटात राहून चाळिसांचेही कान ठणठणीत, याचं तिला नवल वाटलं. मग ती हेडफोनची वायर गुंडाळू लागली आणि टोकाशी येऊन थांबली. मशीनमध्ये खोचायच्या पिनेवरची प्लास्टिकची टोपी तिनं सकाळपासून काढलेलीच नव्हती.