शेजारी बसणारी

“किती दिवस लपवलीस ही गाठ?” डॉक्टर बाहेर जाताच मी विचारलं.

“वर्ष झालं, ताई,” धाकटी जाऊ हेमलता म्हणाली.

स्तनाच्या कर्करोगातून उठल्यापासून मी गावोगाव बायकांना सांगत होते, गाठ हाताला लागली तर लगेच दाखवा. प्रत्येक सभेत हेमलता माझ्या शेजारी बसायची.

“मला तरी सांगायचं होतंस! दगा दिलास.”

“तुमचे हाल मी बघितलेत. सभेत तुम्ही ते कधी सांगतच नाही.”

तिचे उपचार सुरू झाले, पण मी तिच्याशी धड बोलेना. पुढच्या सभेला तिला न सांगताच गेले.

‘घाबरू नका’ म्हणता म्हणता थांबले. “कुणाला भीती वाटते?” मी विचारलं.

मागे, डोक्याला रुमाल बांधून आलेल्या हेमलताने सगळ्यांत आधी हात वर केला.