हरवलेली हाक

मंडळी, सतरंजीवर जरा पुढे सरका, एका हरवलेल्या हाकेची गोष्ट सांगतो.

एका यंत्रात चार आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले, प्रोसेसर नांदत होते. एकाची हाक दुसऱ्याला मधला हायपरव्हायझर नावाचा प्रोग्राम पोहोचवायचा. पण हा प्रोग्राम सांभाळणाऱ्या मृण्मयीच्या पडद्यावर दोन नंबर चार नंबरला हाक मारून खोळंबला होता, आणि चार नंबर निजलेलाच. उद्यापासून याच यंत्रावर रुग्णवाहिका मागणारे फोन येणार होते.

“अगं, निजायला निघालेल्याला आधी विचार, कुणाची हाक आलीय का. डोळा लागतालागता आलेली हाक हरवते.”

तिने दचकून मागे पाहिलं. कुणीच नव्हतं. तिला हे काम शिकवणाऱ्या खांबेटे सरांना जाऊन महिना झाला होता.

हेच त्यांनी बजावलं होतं, आणि “सर, पुरे तुमचं कीर्तन!” म्हणत, वेग वाढवायच्या हट्टापायी तिनेच प्रोग्राममधली ती विचारणा काढून टाकली होती.

तिने ती पुन्हा लिहिली. चार नंबरने ओ दिली. “चुकले, सर,” ती पुटपुटली. पण ही हाक पोहोचवायला मध्ये कुणी नव्हतं.

मायबापहो, कुणाच्या दारी रुग्णवाहिका वेळेवर आली, तर खांबेटे सरांना एकदा मनोमन हात जोडा.