मागचं सगळं उडतं

कॅमेऱ्याच्या दुकानात राधेश्यामने कपाटातून दोन लेन्स काढल्या आणि काउंटरवर फडकं अंथरून त्यावर ठेवल्या. "ही पन्नासची, ही पस्तीसची. दोन्ही एक पॉइंट आठ. मंगल कार्यालयात लाइट गेली तरी फोटो येतो. डोळे मिटून पन्नास घ्या कल्याणभाऊ, स्वस्तात मस्त."

कल्याणने मान हलवली. दहाव्याला केस उतरवलेल्या डोक्यावरची टोपी सारखी खाली येत होती. जाफराबादेत त्याचा फोटो स्टुडिओ. पंचक्रोशीतल्या नवऱ्या, नवरदेव, त्यांच्या आत्या-माम्या, सगळ्यांचे फोटो त्याने काढले. आईचा तेवढा राहून गेला. परवा तिची तेरवी, आणि हार घालायला फोटो नव्हता. आधारकार्डावरचा मोठा करून पाहिला, तर कोणी ओळखीना. एकच सापडला, गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नातला. त्या दिवशी उसनी आणलेली पन्नासची लेन्स लावली होती. नवरीच्या नथीतला मोती न् मोती दिसत होता. मागे आई उभी होती, म्हणजे हिरव्या लुगड्याचा एक डाग उभा होता. आज सकाळी जालन्यातल्या फ्रेमवाल्याने तो फोटो परत केला. "चेहराच न्हाई ह्याच्यात," म्हणाला.

तिथून बाहेर पडल्यावर वडील, कडूबा, म्हणाले, "चल, लेन्स घेऊन टाकू." कल्याण निघाला. सध्या कोणी चल म्हटलं की तो चालत होता, जेव म्हटलं की जेवत होता. रडू आलं नव्हतं. येईल असंही वाटत नव्हतं.

राधेश्याम काउंटरच्या बाहेर येऊन ऐटीत उभा राहिला. "मारा, माझाच मारा." त्याच्या मागे, दाराजवळच्या स्टुलावर कडूबा मांडीवर पिशवी धरून बसले होते.

कल्याणने पन्नासची लेन्स लावली. त्याच्या क्रॉपवाल्या, चौकटीत कमीच मावणाऱ्या कॅमेऱ्यावर तिला जागा आणखीच जास्त लागायची. तो मागे सरकत सरकत कपाटाला टेकला, तेव्हा कुठे राधेश्याम चौकटीत मावला.

"बघा," राधेश्यामने स्क्रीनवर बोट ठेवलं. त्याच्या भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ होता. "मागचं सगळं उडालं. ह्याचेच तर पैसे असतात."

मागे स्टुलावर एक पांढरा डाग होता. कल्याणने तो पाहिला. त्याला काहीच वाटलं नाही. फक्त तो डाग त्याने स्क्रीनवर मोठा करून पाहिला, मग लेन्स काढली.

त्याने पस्तीसची लावली आणि पुन्हा फोटो काढला. ह्यात राधेश्याम थोडा लहान आला होता. मागे कडूबा अगदी स्वच्छ नव्हते, पण कडूबाच होते. मिशी कळत होती, दोऱ्याने बांधलेला चष्मा कळत होता.

"हिच्यात मागचं तेवढं उडत न्हाई," राधेश्याम म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणंल, मोबाइलसारखाच आला."

"हीच द्या."

कडूबा उठले. पिशवीतून लग्नातला फोटो काढून त्यांनी तो लेन्सशेजारी ठेवला, सुरकुती पडली होती ती अंगठ्याने दाबली.

"मंग हिच्यानं तुझ्या मायचं तोंड साफ येईल ना? तूच म्हणल्ता, लेन्स चुकली म्हणून."

राधेश्याम फडकं घेऊन उगाच काउंटर पुसू लागला.

"न्हाई आबा," कल्याण म्हणाला. "काढलेला फोटो आता कशानंच साफ होत न्हाई."

कडूबांनी त्या हिरव्या डागावर बोट ठेवलं. "ती मागंच उभी राह्यची रे. म्हणायची, माझा कशाला काढतो, नवरीचा काढ."

कल्याणला ते माहीत होतं. प्रत्येक वेळी तिचं ऐकून त्याने नवरीचाच काढला होता.

कडूबांनी फोटो पिशवीत ठेवला. दाराजवळचं स्टूल उचललं, कल्याणच्या अगदी समोर आणून टेकवलं आणि त्यावर बसून टोपी सरळ केली.

"माझा काढून ठेव," ते म्हणाले. "बघ, पुढं आलो. आता दिसून राह्यलो ना बराबर?"