एक बोट

समोरून सहावी गाडी गेली आणि लेस्या ह्रिंचुकच्या उजव्या हाताचं एक बोट स्टिअरिंगवरून सहाव्यांदा वर उठलं.

शेजारी बसलेल्या प्रुएट साहेबांनी मांडीवरच्या कागदावर सहावी फुली मारली.

"हात स्टिअरिंगवर," ते म्हणाले.

"तिथंच आहे साहेब. फक्त बोट उचललं."

"कशासाठी?"

लेस्याला प्रश्नच कळला नाही. "समोरून गाडी आली ना," ती म्हणाली.

साहेब शहरातले. वाहन परवान्याची परीक्षा घ्यायला महिन्यातून एकदा कुणीतरी विंड्रिजला येई. हे पहिल्यांदाच आलेले. शहरात समोरच्या गाडीला कुणी बोट दाखवलंच, तर भांडायला. इथं माळावर रस्ता सरळ, गाड्या थोड्या आणि माणसं त्याहून थोडी. समोरच्याला बोट उचलून नमस्कार करायचा; न उचलणारा माणूस एकतर झोपलेला असायचा, नाहीतर रागावलेला.

त्यात लेस्याची परीक्षा आहे हे सकाळीच टपालाच्या खिडकीतून गावभर झालं होतं. टपालवाल्या ओडेगार्डबाई दोनदा गेल्या, एकदा जाताना आणि एकदा येताना, दोन्ही वेळा भोंगा वाजवत. सुतार गेला, पाद्री गेले, पाठोपाठ शाळेची रिकामी बस गेली. आणि आत्ता, आग कुठंच नसताना, गावचा लाल बंब गेला.

"बंब नेहमी असा फिरतो?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. आज धुतलेला दिसतोय."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघ मुली. गाडी चांगली चालवतेस. पण आता एक जरी बोट उठलं, तर परीक्षा तिथंच संपली. मग महिन्याभरानं ये."

महिनाभर थांबणं लेस्याला जमणारं नव्हतं. तिचे बाबा धान्यकोठीच्या शिडीवरून पडले होते, मांडीपर्यंत प्लॅस्टर. आई हार्वेस्टरवर. कापलेला गहू ट्रकमधून रुळांजवळच्या कोठारापर्यंत न्यायला घरात तिसरं माणूस होतं ते हेच, सोळा वर्षांचं. महिन्याभरात इथं बर्फ पडतो.

तिनं दहाही बोटं घट्ट आवळली.

मैलभरावर धूळ उठली. माळावर गाडी आधी धुळीवरून ओळखायची, मग रंगावरून. हिरवा ट्रक, एकच दिवा धड. एवाल्ड टीसेन. त्यांचं शेत ह्रिंचुकांच्या शेताला लागून होतं. मधल्या चरातून पाणी कुणाकडे काढायचं यावरून नऊ वर्षांपूर्वी वाजलं, तेव्हापासून टीसेननं ह्रिंचुकांच्या कुठल्याच गाडीकडे पाहिलं नव्हतं. बाबा मात्र प्रत्येक वेळी बोट उचलत. "आपलं आपण उचलायचं," ते लेस्याला सांगत. "त्याचं त्यानं बघावं."

नऊ वर्षांत एकदाही चुकलेलं नव्हतं.

लेस्यानं आरसा पाहिला. वळायचा उजवा दिवा लावला. पिकअप हळूहळू उजव्या कडेच्या खडीवर घेतली, थांबवली, ब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं.

"मी थांबायला सांगितलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"हो साहेब. पण आता गाडी चालत नाहीये." तिनं खिडकीतून अख्खा हात बाहेर काढला आणि उंच धरला.

हिरवा ट्रक पुढे गेला. मग करकचून थांबला आणि मागे आला. थांबलेली गाडी ओलांडून जाणं इथं कुणालाच जमत नाही, टीसेनलाही नाही.

"बंद पडली काय?" त्यांनी विचारलं. नऊ वर्षांतला पहिला शब्द.

"नाही. परीक्षा चालू आहे."

"मग मधेच थांबलीस कशाला?"

"तुम्हाला हात करायला."

टीसेननं टोपी मागे सारली. तिच्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. कुणी आपल्याला फसवत नाही ना, असा चेहरा.

"बापाचा पाय?"

"सहा आठवडे."

"गव्हाचं काय?"

"ते या साहेबांच्या हातात आहे."

"हं." टीसेन खिडकीतून वाकून साहेबांना म्हणाले, "पोरगी बापासारखीच आहे. डोकं धरून बसायची पाळी आणते." आणि लेस्याला, "त्याला सांग, चराकडची पट्टी मी कापतो. माझं यंत्र तिथवर आलेलंच आहे. उगाच हसू नकोस."

"हसत नाहीये काका."

ट्रक निघाला. आरशात लेस्याला मागच्या काचेतून त्यांची टोपी दिसली, आणि टोपीच्या बाजूला, स्टिअरिंगच्या वर, एक बोट.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कागदाकडे पाहत बसले. पुन्हा लावलं.

"चल," ते म्हणाले.

लेस्यानं आरसा पाहिला, डावा दिवा लावला, मागे मान वळवून पाहिलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. गावाची वेस जवळ आली. समोरून ओडेगार्डबाई तिसऱ्यांदा येत होत्या, भोंग्यावर हात ठेवूनच. लेस्यानं ओठ मिटले. दहाही बोटं स्टिअरिंगवर, जागच्या जागी.

शेजारी, फुल्यांच्या कागदावरून, साहेबांचं एक बोट सावकाश वर उठलं.