तांबड्याचं ओझं

चूल, हंडे, वाकळा आणि वर कोंबड्यांचं खुराडं. धनगराचं अख्खं बिऱ्हाड तांबड्या घोड्याच्या पाठीवर चढत होतं. एरवी ते हौसा लादायची, पण आज नवरा लादत होता. गवत काढताना तिला घोणस चावली होती आणि कालच ती दवाखान्यातून सुटून आली होती.

"चल मेल्या," म्हणत ती रोज घोड्याला काठी हाणायची. आज मात्र तिनं काठी टाकून दिली आणि त्याच्या गळ्यात पडून ती रडायलाच लागली.

"काय गं, दुखतंय का?" नवरा घाबरला.

"नर्सबाई म्हणाल्या, घोड्याला थोडं थोडं इख टोचत्यात अन् त्याच्या रगतातनं सापाचं औषध करत्यात. धा बाटल्या चढवल्या मला. म्हंजी ह्यो माझा भाऊच की! मला दुसरा कुठं हाय?"

नवरा हसला नाही. त्यानं सगळ्यात जड हंडा खाली उतरवला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला.

"आवो, ह्ये काय?"

"मेव्हण्याच्या पाठीवर एवढं ओझं बरं दिसत न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या माहेरचं एवढं एकच तर माणूस हाय."